पांढऱ्या टॉवेलचा नियम

"काळा! बघा, काळा निघाला!"

पडद्याच्या वरून टॉवेल बाहेर आला आणि खुर्च्यांवरची माणसं एकदम उभी राहिली. मघाशी वाफेच्या पेटीतून काढला तेव्हा हाच टॉवेल पांढराशुभ्र होता. चारही टोकं धरून, गोल फिरून तो सगळ्यांना दाखवला होता. पुढच्या रांगेतल्या एका आजोबांना तर हात लावून बघायलाही दिला होता. आणि आता त्याच्या मधोमध तळहाताएवढा काळाकुट्ट डाग होता.

"कुठं दुखत होतं, मावशी?" निचरेदादांनी पडद्याकडे तोंड करून विचारलं.

"कमरेत," आतून थकलेला आवाज आला.

"आणि पुसलं कुठं?"

"कमरेवरच, दादा," आतली मदतनीस बाई म्हणाली.

निचरेदादा सावकाश गर्दीकडे वळले. आडनाव त्यांचं दुसरंच होतं. अंगातल्या घाणीचा निचरा करतात म्हणून लोकांनीच त्यांना हे नाव चिकटवलं होतं, आणि दादांनीही ते आनंदानं चिकटवून घेतलं होतं.

"मी काही बोललो का?" ते म्हणाले. "मी डॉक्टर नाही. वैद्य नाही. साधू तर नाहीच नाही, मला दाढी शोभत नाही." लोक हसले. "मी रोग बरा करतो, असं कुणी माझ्या तोंडून ऐकलंय कधी? ऐकलं असेल तर आत्ता उठा! मी फक्त पुसतो. बोलायचं काम टॉवेल करतो. आणि हे काही लपूनछपून चालत नाही बरं का."

त्यांनी हात वर केला. भिंतीवर एक भली मोठी चौकट होती, तिच्याभोवती छोटे पिवळे दिवे लावलेले होते, आणि काचेमागे शिक्कामोर्तब झालेला कागद होता.

"सरकारनं स्वतः येऊन, सगळं तपासून, सही करून दिलेलं आहे!"

लोकांनी त्या कागदाकडे अशा काही भावानं पाहिलं की दोघातिघांनी हात जोडायचेच बाकी होते. मी शेवटच्या रांगेत बसले होते आणि माझे कान तापले होते, कारण त्या कागदाच्या तळाशी असलेली वेडीवाकडी सही माझी होती.

मी परवाना निरीक्षक. आमच्या शहरात कुणाला दुसऱ्याचं अंग चोळून, दाबून, ताणून किंवा तुडवून पोट भरायचं असेल, तर त्याला आधी माझ्या हाताखालून जावं लागतं. प्रशिक्षणाचा दाखला आहे का, खोलीत वाहतं पाणी आहे का, नखं कापलेली आहेत का, बायकांसाठी पडदा आणि बाई मदतनीस आहे का, टेबलाचं आच्छादन धुता येतं का, हे सगळं मी पाहते. चांगलं काम आहे. थकलेल्या खांद्याला जाणकार हात लागला की माणसाला बरं वाटतं, त्यात थोतांड काही नाही. शहरातले बहुतेक मालिशवाले सरळ आहेत, आणि जे नाहीत त्यांना माझा धाक आहे. निदान माझा समज तसा होता.

नियमांत टॉवेलबद्दल एवढंच आहे, की दर माणसाला नवा, स्वच्छ टॉवेल वापरावा. 'पांढरा' हा शब्द त्यात नाही, तो माझा हट्ट. निचरेदादा पहिल्यांदा परवाना मागायला आले तेव्हा साधे मालिशवाले होते. हडकुळे, अदबशीर आणि हातानं खरोखर चांगले. मी पाहणीला गेले तर त्यांच्या फळीवर गडद निळ्या टॉवेलांची चळत होती.

"हे चालणार नाहीत," मी म्हटलं होतं. "पांढरे आणा."

"मॅडम, तेलाचे डाग पडतात हो. पांढरे किती दिवस टिकणार?"

"डाग पडतात म्हणूनच पांढरे. टॉवेलवर मळ दिसला पाहिजे."

"मळ दिसला पाहिजे," त्यांनी माझे शब्द परत उच्चारले, धडा पाठ करावा तसे. किती नीट ऐकून घेतो हा माणूस, म्हणून मला कौतुक वाटलं होतं. पांढरे टॉवेल आल्यावर मी परवाना दिला आणि त्या दिवशी घरी जाताना स्वतःवर खूश होते.

त्या सकाळी मी काही चमत्कार पकडायला गेले नव्हते. शेजारच्या लॉन्ड्रीवाल्याची तक्रार आली होती. त्याचं म्हणणं, या टॉवेलांचे डाग निघता निघत नाहीत. ब्लीच घातलं की काळे जातात आणि त्या जागी गंजासारखे पिवळे उरतात. "मॅडम, इतक्या लोकांचे रोग माझ्या मशीनमध्ये गरगर फिरताहेत," तो रडवेला होऊन म्हणाला होता. "उद्या माझ्या घरच्यांना लागले म्हणजे?" म्हणजे तक्रार करणाऱ्याचाही चमत्कारावर पुरता विश्वास होता. मी हसले होते आणि टॉवेल तपासून येते म्हणाले होते.

तेवढ्यात दादांची नजर माझ्यावर पडली.

"अरे वा, मॅडम स्वतः आल्यात! या, पुढे या. टॉवेल तपासायचाय? माझ्यावरच कशाला, तुमच्यावरच तपासू."

नाही म्हणायच्या आत त्यांनी पेटीतला गरम टॉवेल काढून माझ्या मनगटापासून कोपरापर्यंत फिरवला आणि उंच धरला. पांढराच्या पांढरा. मग स्वतःच्या मानेवरून फिरवला. तोही पांढराच.

"निरोगी माणसावर टॉवेल गप्प बसतो," दादा म्हणाले, आणि हॉल टाळ्यांनी दणाणला. खोटं का सांगू, क्षणभर माझीही अक्कल गहाण पडली. मळाचा डाग असता तर माझ्या हातावरून फिरवलेल्या टॉवेलवरही थोडा तरी यायला हवा होता. युक्ती काय आहे, मला कळेना. टॉवेलला एक हलका वास मात्र होता, किल्ल्यांचा जुडगा बराच वेळ मुठीत धरला की हाताला येतो तसला. मी नियमाप्रमाणे पेटीतला एक न वापरलेला टॉवेल नमुना म्हणून पिशवीत बंद करून घेतला.

"पुढच्या ताई, या," मदतनीस बाईनं हाक मारली.

पुढच्या रांगेतून एक बाई उठली आणि एक खांदा किंचित खाली टाकून पडद्याआड गेली. शिवणयंत्रावर वाकून जन्म काढलेल्या माणसाची ती चाल मी हजारांत ओळखली असती. माझी थोरली बहीण होती ती.

थोड्या वेळानं टॉवेल वर आला. राखाडी.

"फिका!" दादा ओरडले. "पहिल्या खेपेला कोळशासारखा होता, आठवतंय? आज बघा!"

ताई बाहेर आली ती हसतच. मला पाहिल्यावर तिचा चेहरा आणखी उजळला. तिनं माझा हात धरून मला उभं केलं आणि गर्दीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "ही माझी धाकटी बहीण. हिनंच दिलाय दादांना परवाना!"

लोकांनी माझ्यासाठी टाळ्या वाजवल्या. आणि मी हसले. काय करावं ते न सुचल्यानं हसले असेन, पण हसले हे खरं.

बाहेर पायऱ्यांवर आल्यावर मी विचारलं, "मान अजून धरते का गं?"

"मान?" ताई म्हणाली. "मानेचं काय घेऊन बसलीस? काखेतली गाठ."

"कसली गाठ?"

तिनं भाऊजींकडे पाहिलं. तिचे यजमान गाडीजवळ तिची पिशवी धरून उभे होते. ते माझी नजर चुकवत म्हणाले, "डॉक्टरबाईंनी तपासणी केली होती. लवकर काढून टाका म्हणाल्या. तारीखही दिली होती. पण टॉवेल फिका पडायला लागल्यावर ही म्हणाली, आता कशाला कापाकापी."

"आणि तुम्ही ऐकलंत?"

"मीच तर गाडीनं आणतो तिला इथं," ते अगदी हळू आवाजात म्हणाले.

"ताई, मला एका शब्दानं सांगितलं नाहीस!"

"सांगायलाच फोन केला होता तुला," ताई शांतपणे म्हणाली. "तूच म्हणालीस, बिनधास्त जा."

तो फोन मला आठवला. मी ऑफिसात अहवाल लिहीत होते, फोन खांदा आणि कानाच्या मध्ये दाबलेला. ताईनं विचारलं, तो मालिशवाला तू पाहिलायस ना, कसं आहे गं ते ठिकाण? आणि मी मान वर न करता म्हटलं, एकदम नंबर एक, माझ्या सगळ्या परवान्यांत सगळ्यात स्वच्छ, बिनधास्त जा. पलीकडे ती 'बरं' म्हणाली. शिवणाऱ्या बाईची मान धरली असेल, असं मी मनाशी धरून चालले होते. कशासाठी विचारतेस, एवढं माझ्या तोंडून निघालं नाही. मी खोलीबद्दल बोलत होते आणि ती जिवाबद्दल विचारत होती.

ऑफिसात आले ती थेट साहेबांच्या टेबलापुढे उभी राहिले.

"परवाना रद्द करायचाय," मी म्हटलं.

"कुठल्या नियमाखाली?" साहेबांनी चष्मा वर केला. "रोग बरा करतो असा दावा करायला बंदी आहे. त्यानं केला?"

"तोंडानं नाही केला. टॉवेलकडून करवतो."

"टॉवेल परवानाधारक नाही," साहेब म्हणाले. "टॉवेल स्वच्छ आहे? पांढरा आहे? मग झालं. पांढऱ्याचा हट्ट तर तुमचाच होता."

मी जागेवर येऊन बसले. नमुन्याचा टॉवेल पिशवीतून काढून टेबलावर पसरला, वास घेतला, उजेडात धरला. काही कळेना. शिपायानं माझा कोरा चहा आणून ठेवला. मी दुधाचा पीत नाही, त्यावरून साहेब मला नेहमी चिडवतात. रागाच्या भरात टॉवेल ओढायला गेले आणि कोपर लागून कप कलंडला. चहा टॉवेलवर पसरला, आणि माझ्या डोळ्यांदेखत काळा झाला. चहाचा डाग तांबूस पडतो हे कुणालाही माहीत आहे. हा जांभळट होत होत काळाठिक्कर पडला, अगदी मावशींच्या कमरेतून निघाला होता तसा.

साहेब खुर्चीतून उठून आले आणि बघतच राहिले.

"काय हो," ते म्हणाले, "चहाला कुठला रोग?"

मी टॉवेल उचलला आणि तशीच धावत ताईच्या घरी गेले. मला एकच विचारायचं होतं. "ताई, दादा अंगाला काय लावतात?"

"काहीच नाही. तीच तर गंमत आहे. नुसता टॉवेल."

"आणि तू घरी? जाण्याआधी?"

"घरी सकाळी अर्क लावायचा दुखऱ्या जागेवर आणि वाळू द्यायचा. कातडीची भोकं मोकळी होतात त्यानं." तिनं फळीवरची बाटली काढून दिली. शेजारी जवळपास रिकामी झालेली आणखी एक होती. "ही पहिली पायरी, ही दुसरी. उद्या तिसरी देणार आहेत."

पहिल्या बाटलीच्या तळाशी उरलेलं पाणी तपकिरी होतं. दुसरीतलं पातळ, जेमतेम पिवळसर. मी दोन्ही घेऊन जवळच्या शाळेतल्या विज्ञानाच्या बाईंकडे गेले. त्यांनी दोन्हींचा एकेक थेंब टॉवेलवर टाकला. पहिल्याचा डाग काळा आला, दुसऱ्याचा राखाडी. बाईंना हसू आवरेना. माझा चेहरा पाहून मात्र त्या थांबल्या.

"अहो, ही तर शाई," त्या म्हणाल्या. "टॉवेल हिराकसाच्या पाण्यात बुडवलेत. हिराकस म्हणजे लोखंडाचा क्षार. बागेच्या दुकानात मिळतो, झाडांची पानं पिवळी पडली की घालतात. आणि बाटलीत आहे झाडाच्या सालीचा काढा. सालीत जे तुरट द्रव्य असतं तेच चहात असतं. लोखंड आणि ते तुरट द्रव्य एकत्र आलं की काळा रंग तयार होतो. वेगवेगळी असताना दोन्ही डोळ्यांत भरत नाहीत. पूर्वी लिहायची शाई अशीच करायचे."

"आणि डाग दर खेपेला फिका पडतो तो?"

"पुढच्या बाटलीत पाणी जास्त. दुसरं काय?"

म्हणून डाग नेमका दुखऱ्या जागेवर उमटायचा. तिथं अर्क लावायला सांगितलेलं असायचं. म्हणून माझ्या हातावर टॉवेल गप्प बसला. मी अर्क लावला नव्हता. आणि म्हणूनच लॉन्ड्रीत ब्लीच घातल्यावर गंज उरत होता. कारण तो गंजच होता. इतकी साधी, शाळेतल्या प्रयोगाएवढी गोष्ट, आणि तिच्या जोरावर माझी बहीण ऑपरेशनची तारीख सोडून बसली होती.

संध्याकाळी ताईच्या स्वयंपाकघरात मी सगळं मांडलं. टॉवेल, चहा, बाटल्या. डाग पाडून दाखवले. भाऊजी टेबलावर दोन्ही हात ठेवून बघत होते. ताई ओट्याला टेकून उभी होती, आणि तिचा चेहरा हळूहळू बंद होत गेला.

"चहाचं राहू दे," ती म्हणाली. "माझ्या अंगातून निघालेलं मी डोळ्यांनी पाहिलंय."

"ताई, अगं, तुझ्या अंगातून काही निघालंच नाही!"

"मग परवाना का दिलास?" तिचा आवाज चढला. "तेव्हा सगळं बरोबर होतं आणि आता सगळं खोटं? तुझं कुठलं खरं मानायचं मी?"

मी टॉवेल आणि बाटल्या गोळा करून पिशवीत भरल्या. भाऊजींनी मला दारापर्यंत सोडलं. "ती घाबरली आहे," ते म्हणाले. "आणि मी तिच्याहून जास्त. म्हणून मी पण टॉवेल मोजत बसलो." ते रडतील असं वाटलं म्हणून मी निघाले.

पुढच्या बैठकीला मी थर्मासभर कोरा चहा घेऊन गेले. साहेबही आले आणि मागच्या रांगेत बसले. मी काय करणार होते ते माझं ठरलेलं होतं. ताई पुढच्या रांगेत होती. तिनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

दादा रंगात आले होते. मावशींचा डाग राखाडी झाला, आजोबांच्या गुडघ्याचा काळा निघाला. मग ताई पडद्याआड गेली. मी थर्मास घट्ट धरून बसले. टॉवेल वर आला.

टॉवेल पांढरा होता.

दादांच्या चेहऱ्यावर एक क्षण गोंधळ दिसला. मला तो दिसला, कारण मी तोच शोधत होते. तिसऱ्या बाटलीला इतका पांढरा यायला नको होता. पण माणूस पक्का. पुढच्याच क्षणी त्यांनी दोन्ही हात उंचावले.

"संपलं! पूर्ण निचरा! मी काही बोललो का? टॉवेल बोलला! या ताईंच्या अंगात आता रोगाचा थेंब नाही!"

लोक उभे राहून टाळ्या वाजवायला लागले. एक बाई रडत होती. मदतनीस बाईनं दिव्यांचं बटण दाबलं आणि माझी सही लुकलुकायला लागली.

ताई अंगावरचे कपडे सारखे करत पडद्याबाहेर आली. ती हसत नव्हती. तिनं टाळ्या थांबायची वाट पाहिली.

"दादा," ती म्हणाली, "मी आज अर्क लावला नाही. आठवडाभर लावलेला नाही. बाटली तशीच भरलेली आहे."

"अहो, मग त्याशिवायच निचरा झाला! बघा लोकहो—"

"गाठ आहे," ताई म्हणाली. तिचा हात आपोआप काखेकडे गेला होता. "आत्ता चाचपून आले. होती त्याहून मोठी आहे. तुमचा टॉवेल म्हणतो गेली. आणि ती इथं आहे, माझ्या हाताला लागतेय."

दिवे तेवढे लुकलुकत राहिले.

खरं तर आता थर्मास उघडायची फारशी गरज उरली नव्हती, तरी उघडला. लोकांना युक्ती दिसायला हवी होती. मी दादांच्याच टेबलाच्या कडेला चहा सांडला आणि पेटीतल्या टॉवेलनं पुसला. काळा. खुर्चीच्या हातावर सांडून पुसला. काळा. आजोबांनी उठून माझ्या हातून थर्मास घेतला, स्वतःच्या चांगल्या गुडघ्यावर चहा ओतला आणि स्वतःच पुसून पाहिला. तोही काळा निघाला.

"म्हणजे टेबलाला पण गुडघेदुखी?" आजोबा म्हणाले. कुणीतरी हसलं, आणि मग हसू थांबेचना. मी हिराकस, साल, शाई आणि बाटल्यांतलं वाढतं पाणी हे सगळं समजावून सांगितलं. मावशी मात्र हसल्या नाहीत. त्या हातातल्या बाटलीकडे पाहत बसून राहिल्या.

दादा टॉवेल गोळा करत होते. मी जवळ गेले तेव्हा मान वर न करता म्हणाले, "मॅडम, मी निळ्याच टॉवेलांवर सुखी होतो. मळ दिसला पाहिजे, हे तुमचंच वाक्य. मी फक्त दाखवला."

हा माणूस लबाड होता, आणि ते वाक्य त्यानं लबाडीनंच फेकलं. तरी ते लागायचं तिथं लागलं.

परवाना त्याच दिवशी काढून घेतला. साहेबांना कलम सापडलं, टॉवेलवर न कळवलेला पदार्थ वापरल्याचं. लोकांच्या जिवाशी खेळल्याचं कलम आमच्या नियमांत नव्हतंच.

ताईचं ऑपरेशन झालं. गाठ निघाली, पण मधल्या काळात रोग पुढे पसरला होता, आणि त्यामुळे लांबलचक औषधोपचार मागे लागले. डॉक्टरबाई म्हणाल्या, तेव्हाच आल्या असत्या तर कदाचित हे टळलं असतं. त्या 'कदाचित'ला धरून मी कितीदा तरी स्वतःला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं केलंय. ताईच्या उशाशी बसून एकदा मी माफी मागितली. ती म्हणाली, "अगं, मला सगळं कळत होतं. जन्मभर कापड हाताळलंय मी, डाग कसा पडतो ते मला नाही कळणार? पण डॉक्टरबाई म्हणायच्या, कापावं लागेल. आणि टॉवेल म्हणायचा, बरं होतंय. मी टॉवेलचं ऐकलं." मग डोळे मिटून म्हणाली, "तुझी सही होती ना तिथं, म्हणून ऐकायला सोपं गेलं."

आता आमच्या प्रत्येक परवान्यावर, शिक्क्याएवढ्याच मोठ्या अक्षरांत, दोन ओळी छापलेल्या असतात: 'ही खोली स्वच्छ आहे, एवढंच आम्ही तपासलं. इथे रोग बरा होतो की नाही, हे आम्ही तपासलेलं नाही.' साहेब म्हणतात, कोण वाचतंय? मी म्हणते, नाही वाचलं तर मी तोंडानं सांगेन. तुम्हालाही सांगते. भिंतीवर शिक्क्याचा कागद दिसला तर तो कशाचा आहे ते वाचा. डोळ्यांनी पाहिलेल्या चमत्काराला विचारा, हे आणखी कशानं होऊ शकेल? अर्क न लावता करून बघा, टेबल पुसून बघा. आणि अंगावर गाठ असेल तर हे काहीही न करता आधी डॉक्टरकडे जा, कारण गाठ कुणाच्या टाळ्यांसाठी थांबत नाही.

गेल्या आठवड्यात ताईचा फोन आला. मी पुन्हा अहवालच लिहीत होते.

"अगं," ती म्हणाली, "ती नदीकाठची मालिशवाली बाई तू पाहिलीयस ना? कशी आहे?"

मी पेन खाली ठेवलं. फोन हातात नीट धरला.

"कशासाठी विचारतेस, ताई?" मी म्हटलं.

पलीकडे ती म्हणाली, "हाताला सूज येतेय ऑपरेशनच्या बाजूला. डॉक्टरांनी सांगितलंय कुणाकडून तरी मालिश करून घ्यायला."

"थांब," मी म्हटलं. "मी येते. आधी दोघी मिळून डॉक्टरांना विचारू, कुणाकडून आणि कशी."